तक्रार करायची कुठे? – हॉटलाइनचा छोटासा इतिहास

हॉटलाइनचा इतिहास सांगताना बहुतेक जण इंग्लंडपासून सुरुवात करतात. आपण पुण्यापासून करू.

साल २००७. ऑर्कुट आठवतंय ना? त्यावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर आला. लोक चिडले. पण चिडलेल्या माणसाने जायचं कुठे? मुंबई परिसरात सायबर कॅफे फोडले गेले. मजकूर परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर, आणि काचा फुटल्या इथल्या दुकानदाराच्या! पुणे पोलिसांनी इंटरनेट कंपनीकडून आयपी पत्ता मिळवला आणि बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. तो पत्ताच चुकीचा होता. त्याचे ५० दिवस कोठडीत गेले.

इथे दोन कामं एकमेकांत अडकली होती. एक, मजकूर उतरवणं. दुसरं, तो टाकणारा शोधणं. दुसरं काम पोलिसांचं आणि कोर्टाचं, त्याला वेळ लागणारच. पहिलं मात्र वेगळं काढता येतं, आणि ते वेगळं काढलं हॉटलाइनने.

ब्रिटनमध्ये १९९६ साली लंडन पोलिसांनी इंटरनेट कंपन्यांना बजावलं, की लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं तुमच्या न्यूजग्रुपवर आहेत, ती काढा. त्यातून कंपन्यांनीच इंटरनेट वॉच फाउंडेशन उभं केलं. पद्धत साधी. तुम्ही नाव न सांगता फक्त लिंक कळवायची. प्रशिक्षित माणूस ती तपासतो, ते बेकायदेशीर आहे का ठरवतो, सर्व्हर कुठल्या देशात आहे ते शोधतो. देशातला असेल तर कंपनीला आणि पोलिसांना कळवतो. बाहेरचा असेल तर तिथल्या हॉटलाइनला. या देशोदेशीच्या हॉटलाइन एकमेकींना जोडणारी इनहोप ही संघटना १९९९ची. सुरुवातीला सापडणाऱ्या अशा साहित्यापैकी १८ टक्के ब्रिटनमधल्या सर्व्हरवर होतं, २००३पासून ते १ टक्क्याच्याही खाली आलं. अर्थात ते जगातून नाहीसं झालं नाही हो, दुसऱ्या देशांत गेलं. म्हणून तर प्रत्येक देशाला स्वतःची खिडकी लागते.

आपल्याकडे काय होतं? १०९८, चाइल्डलाइन, तीही १९९६चीच, मुंबईतली. पण ती संकटातल्या मुलासाठी, इंटरनेटवरच्या चित्रासाठी नव्हे. २००१मध्ये दोघांनी थेट मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने समिती नेमली. मुलं तेव्हा सायबर कॅफेत बसत, त्यामुळे तिच्या शिफारशींचा बराचसा भर कॅफेवरच राहिला. २०१५मध्ये हैदराबादच्या ‘प्रज्वला’ने बलात्काराच्या चित्रफितींबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं. पुन्हा पत्रच! तक्रारीला जागा नसली की माणूस न्यायाधीशाला पत्र लिहितो.

सप्टेंबर २०१६मध्ये मुंबईच्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या ‘आरंभ इंडिया’ने ब्रिटिश फाउंडेशनच्या मदतीने भारतातली अशी पहिली हॉटलाइन सुरू केली. ‘प्रेरणा’ कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी १९८६पासून काम करतेय, त्यामुळे हा विषय तिला नवा नव्हता. तक्रार इथून जायची, लिंक तपासली जायची ब्रिटनमध्ये. हे विचित्र वाटेल. पण आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमानुसार असं साहित्य शोधणं, पाहणं, उतरवून घेणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणून तुम्हीही कधी पुरावा म्हणून ते जपून ठेवू नका, कुणाला पुढे पाठवू नका. फक्त लिंक कळवा.

‘प्रज्वला’च्या पत्रावरच्या सुनावणीतून सरकारी सायबरक्राइम पोर्टल आलं, २० सप्टेंबर २०१८ला. मुलांचं शोषण आणि बलात्काराच्या चित्रफिती यांची तक्रार तिथे नाव न देता करता येते. १९३० हा क्रमांक मात्र पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. लोक तिथे हमखास गल्लत करतात.

आता कुणी विचारेल, मग २००७सारखा मजकूर आज हॉटलाइनवर चालेल का? नाही. बदनामी म्हणजे काय यावर वाद होतो. तिथे २०१५च्या श्रेया सिंघल निकालानुसार कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. मुलाच्या शोषणाच्या चित्रावर वाद होत नाही. माझ्या मते हॉटलाइन चालते ती तिने हात आखडता ठेवला म्हणूनच. तिच्यावर बाकीच्या भावना लादल्या, तर लिंक तपासणाऱ्या त्या माणसाला आपण न्यायाधीश करून ठेवू, आणि मुलांच्या तक्रारी रांगेत मागे जातील.