वऱ्हाडातून हद्दपार झालेले एक पुस्तक

मसीह अलिनेजाद ह्या इराणी वार्ताहर बाई २००९ साली देशाबाहेर पडल्या. २०१४ पासून, परदेशी राहून, डोके झाकण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी आपल्या भगिनींची बाजू जगापुढे मांडली. असे काही कानांवर आले, की आम्ही हळहळतो आणि ही दूरदेशीची गोष्ट म्हणून स्वस्थ बसतो. आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची कथा ध्यानात घेतली, तर असे स्वस्थ बसवणार नाही.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचा खटला चालला. लोकलज्जेच्या भयाने तिने आपले मूल मारले होते. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलानंतर जन्मठेप काळे पाणी, आणि पुढे पाच वर्षे, अशी ती उतरत गेली. खटल्याचे निमित्त होऊन वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या दुर्वर्तनाची चर्चा रंगली. ‘पुणेवैभव’ पत्राने तर स्त्रियांवर सपाटून टीका केली. त्या मुलाचा बाप कोण व कोठे, हे मात्र कोणी पुसले नाही.

ताराबाईंनी ते पुसले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरीत होते, सत्यशोधक विचारांचे होते. त्यांनी मुलीला घरीच शिकविले. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून निघाले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक घेऊन ते पुरुषांतच कसे अधिक आहेत, हे त्यांनी दाखविले. बायको मेली की पुरुष लगेच दुसरीच्या शोधाला लागतो. मग नवरा मेल्यावर बाईनेच जन्मभर का कुढावे, हा त्यांचा सवाल. पुनर्विवाहाची बंदी केवळ ब्राह्मणांपुरती नाही, हेही त्यांनी निक्षून सांगितले. भाषा घरातली, रोखठोक, धारदार.

पुस्तकाची हेटाळणी झाली. १८६३ साली पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढणारे जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी हेटाळणी करणाऱ्यांचा समाचार घेतला. त्यानंतर सारे शांत. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली हे पुस्तक पुन्हा छापले. म्हणजे ९३ वर्षे गेली! पुढे १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि परदेशचे अभ्यासकही त्याची दखल घेऊ लागले.

सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली नव्हती. ताराबाईंना कोणी गाव सोडावयास लावले नाही. इराणी बाईंना सत्तेचे भय. ताराबाईंना मौनाने मारले. दोन्ही दुःखे एका तराजूत घालू नयेत, हे आम्ही जाणतो. परंतु सत्तेच्या विरोधाला निदान कोणी उत्तर देऊ शकतो. मौनाला उत्तर कसे द्यावे? आणि ते मौन पाळणारे कोणी परके नव्हते. विद्वान, सुधारक, आणि आमच्यासारखे वऱ्हाडी वाचक, सारेच त्यात होतो.

आज येथे हिवरखेडास जमलेल्यांनी घरी गेल्यावर एवढे करावे. आजीच्या, आत्याच्या पेटीत एखादी लिहिलेली वही, हिशेबाच्या मागे खरडलेला कागद सापडला, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचावा.