शाळेच्या अंगणांतील छायाचित्रकार

सुशिक्षित मराठी कुटुंबांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्याच्या भिंतीवर अथवा कपाटांतील जुन्या पाकिटांत शाळेंतील वर्गाचें एखादें छायाचित्र नाहीं. मध्यभागीं खुर्च्यांवर गुरुजन, त्यांच्या पायांशीं मांडी घालून बसलेलीं लहान मुलें, मागें बांकांवर उभी असलेली उंच मुलांची रांग आणि तळाशीं इयत्ता, तुकडी व वर्ष, असा हा ठराविक देखावा असतो. त्यांतील चेहरे आपण पुन्हा पुन्हा न्याहाळतों. परंतु तो देखावा ज्यानें मांडला, त्या मनुष्याची आठवण मात्र आपणांस होत नाहीं. त्याचा धंदा कसा जन्मास आला, कोणत्या पायावर वाढला व त्यांत कोणाचें काय साधलें, हें पाहण्याचा आज आमचा विचार आहे.

इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेरची कृति प्रसिद्ध झाली, तेव्हां चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे; त्याची दुसरी प्रत निघत नसे. एक गिऱ्हाईक व एक चित्र अशा व्यवहारांत शाळेस कांहीं विशेष स्थान नव्हतें. १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें काचेवर कलोडियन नांवाचा द्रव पसरून उलटें चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि एकाच काचेवरून कागदावर वाटेल तितक्या प्रती काढतां येऊं लागल्या. शाळेंतील छायाचित्रांच्या धंद्याचें बीज येथें आहे. चित्र एकदां घ्यावें आणि चाळीस घरीं विकावें, हें आतां शक्य झालें.

ही शक्यता ज्यांनीं आरंभींच ओळखली, त्यांत अमेरिकेंतील जॉर्ज केंडाल वॉरन याची गणना केली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लॉवेल गांवीं दागेरच्या रीतीनें चित्रें काढणारा हा कारागीर १८५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजांकडे वळला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ इत्यादि विद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांचीं, त्यांच्या अध्यापकांचीं व इमारतींचीं चित्रें घेऊन तो त्यांचे बांधीव आल्बम तयार करून देई. यांतील हिशेब ध्यानांत घेण्यासारखा आहे. समजा, वर्गांत शंभर तरुण आहेत व प्रत्येकास सर्वांचें चित्र हवें आहे. तर शंभर काचांवरून दहा हजार प्रती खपतात. बाजारांतील दुकानदारास एकेका गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. वॉरनला स्नेहानें बांधलेला सबंध वर्गच गिऱ्हाईक म्हणून मिळाला. शिवाय ज्याचें चित्र तोच खरेदीदार, त्यामुळें या व्यवहारांत कोणाचीच कुचंबणा नव्हती.

परंतु शाळा म्हणजे कॉलेज नव्हे. शाळेंत चित्र मुलाचें असतें, पैसे बापाचे असतात आणि फाटक उघडण्याचा अधिकार मुख्याध्यापकाचा असतो. चित्र कोणाचें, मोल कोणाचें व मुभा कोणाची, हे तीन प्रश्न येथें वेगळे पडतात. आमच्या मतें या धंद्याचा सारा इतिहास या तिघांच्या परस्परसंबंधांत सांठविलेला आहे.

हे संबंध किती विपरीत होऊं शकतात, याचें उदाहरण त्याच देशांत घडलें. १८७९ मध्यें पेन्सिल्व्हेनियांतील कार्लाइल गांवीं, लष्कराच्या जुन्या बराकींत, रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्यानें तेथील मूळच्या रहिवासी जमातींच्या मुलांकरितां शाळा काढली. मुलांस आईबापांपासून शेंकडों कोस दूर आणावें, त्यांचे केस कापावे, त्यांची भाषा बंद करावी, असा तिचा शिरस्ता होता. गांवांतील जॉन चोट नांवाचा छायाचित्रकार या मुलांचीं चित्रें घेई. कांहींचीं आल्याबरोबर एक व कांहीं काळानें दुसरें, अशीं जोडीचीं. टॉम टॉर्लिनो या नाव्हाहो तरुणाचीं १८८२ व १८८५ मधील दोन चित्रें प्रसिद्धच आहेत. पहिल्यांत मोकळे केस व कानांत डूल, दुसऱ्यांत कोट व कापलेले केस. चेहराही दुसऱ्यांत उजळ दिसतो, आणि असा फरक प्रकाशाच्या योजनेनें सहज घडवितां येतो. हीं चित्रें मुलांच्या घरांकरितां नव्हतीं. तीं लोकांस विकलीं जात आणि शाळेस आश्रय मिळविण्याच्या कामीं येत. ज्याचें चित्र त्यास विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं. ती शाळा १९१८ मध्यें बंद झाली. आज त्या मुलांचे वंशज त्याच चित्रांत आपल्या पूर्वजांचे चेहरे शोधतात, हें या कथेचें दुसरें टोंक होय.

धंद्याच्या वाढीस आणखी एका शोधाची जरूर होती. कलोडियनची काच ओली असतांनाच चित्र घेऊन धुवावें लागे. त्यामुळें काळोखी खोली अथवा तंबू जवळ ठेवणें भाग असे. १८७१ मध्यें रिचर्ड मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, ती पुढें सुधारली, आणि छायाचित्रकार शाळांच्या वाटेनें मोकळेपणें हिंडूं लागला. मग १९३६ सालीं, अमेरिकेंत आर्थिक मंदी असतांना, मिनियापोलिस येथें एल्डन रॉथगेब व ब्रूस राइनेकर या दोघांनीं ‘नॅशनल स्कूल स्टुडिओज’ ही संस्था काढली आणि मोठ्या कॉलेजांमागें न लागतां खेड्यापाड्यांतील लहान शाळा धरल्या. तीच १९८४ पासून ‘लाइफटच’ या नांवानें ओळखली जाऊं लागली व २०१८ मध्यें ती दुसऱ्या एका कंपनीनें विकत घेतली.

या धंद्याची यंत्रणा वरवर साधी दिसते. कॅमेरा, दिवा व स्टूल यांच्या जागा न हलवितां मुलें एकामागून एक बसवावयाचीं; प्रत्येकास कांहीं क्षण द्यावयाचे; विक्रींतील कांहीं भाग शाळेस द्यावयाचा. पैसे घेण्याच्या रीती दोन. एकींत मागणीबरोबर पैसे आगाऊ घेतात. दुसरींत चित्र आधींच छापून मुलाच्या हातीं घरीं पाठवितात. ठेवावयाचें तर पैसे द्यावे, नाहीं तर परत करावें. दुसरी रीत दिसावयास उदार. पण आपल्याच लेकराचें हंसतें तोंड परत पाठविणें कोणत्या आईस जमणार? धंद्याचें कौशल्य येथें आहे आणि त्याची परीक्षाही येथेंच आहे.

आपल्याकडे या विद्येचा प्रवेश निराळ्या दारानें झाला. १८५४ मध्यें मुंबईस छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली व १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें हा विषय शिकविण्यास आरंभ झाला. तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत स्वतःचा व्यवसाय चालविला. एकट्या दुकानदारीची वाट मात्र बिकट होती. दादासाहेब फाळके यांनीं गोध्र्यास छायाचित्रांचें दुकान घातलें होतें; प्लेगांत पत्नी व मूल गमावल्यावर त्यांस तें गांव सोडावें लागलें. शाळेच्या अंगणांत जाणाऱ्यास शाळेवरील विश्वास आयता मिळतो. म्हणूनच तो विश्वास सांभाळण्याची त्याची जबाबदारी अधिक.

आमच्या शाळेंतही दर वर्षीं फेब्रुवारींत छायाचित्रकार येत असे. पैसे आगाऊ भरावयाचे असत. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर न भरणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहिलीं जात. आमच्या वर्गांतील एका मुलाचें नांव तेथें शेवटपर्यंत राहिलें. रांगेंत तो उभा राहिला, कारण वर्ग पुरा दिसावा असा गुरुजींचा आग्रह होता. प्रत मात्र त्यास मिळाली नाहीं. तीस वर्षांनंतर तो कांहीं कामानिमित्त आमच्या घरीं आला असतां तें चित्र आम्हीं त्याच्यापुढें ठेविलें. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “मी इतका उंच होतों, हें मला ठाऊकच नव्हतें.” लहानपणचें त्याचें दुसरें छायाचित्र नव्हतें. आम्हीं दुसऱ्याच दिवशीं त्याची प्रत करवून दिली. तिला पडलेला खर्च सांगावयास लाज वाटावी इतका अल्प होता.

छायाचित्रकारानें पोट भरूं नये असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु चाळीस प्रतींचा भाव ठरवितांना एकेचाळिसावी फुकट देण्याची सोय त्यांत सहज बसते, आणि ती बसवून घेण्याचें काम मुख्याध्यापकाचें आहे. कारण फाटक उघडण्याची मुभा त्याच्या हातीं असते. ज्या मुलास रांगेंत उभें केलें, त्याचा त्या चित्रावर हक्क आहे. तो मान्य करणाऱ्या शाळेंत फळ्यावर नांवें लिहिण्याची वेळच येणार नाहीं.