घरगुती संसाधन-विषमता, मुंबईतील

मुंबईत घरोघरी पोचणारे पाणी, इंधन व धान्य यांतील तफावत. शहराकडे पाणीच कमी म्हणून झोपडपट्टीत टंचाई, ही समजूत अर्धीच खरी आहे. विहार (१८६०) ते मध्य वैतरणा (२०१४) अशा सात तलावांतून महापालिका रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी आणते. २०११च्या जनगणनेतील सुमारे सव्वा कोटी लोकसंख्येने भागले तर माणशी तीनशे लिटर पडतात. गळती आणि बिगरघरगुती वापरात त्यातले बरेच जाते. या तलावांपैकी तानसा, भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे ओघाने नोंदवावे.

वाटपाचा निकष इमारतीत माणशी १३५ लिटर, झोपडपट्टीत ४५. पाच जणांच्या घराला २२५ लिटर, म्हणजे एक निळे पिंप आणि वर दोन हंडे. तेही नळ अधिकृत असेल तर. ठरावीक तारखेनंतरच्या (आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००) झोपड्यांना जोडणी नाकारली जाई. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये, झोपडी बेकायदा असली तरी पाणी जगण्याच्या हक्कात मोडते, असा निर्णय दिला. दर जास्त लावण्याची मुभा मात्र ठेवली. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण २०२२मध्ये आले.

जोडणी बहुधा गटाला मिळते आणि पाणी ठरल्या वेळीच येते. दाब कमी, म्हणून मोटर लावतात. ज्याची मोटर दांडगी त्याचे पिंप आधी भरते, चढावरचे घर कोरडे राहते. अशा वस्तीत पाण्याचा खर्च विजेच्या बिलात शिरतो. पाणी अपरात्री आले तर जागते ती बहुधा घरातली बाई. नळच नसेल तर कॅन विकत घ्यायचे, विकणारा सांगेल त्या भावाने.

इंधनाचे थोडक्यात : उज्ज्वला योजनेने (२०१६) गॅसजोडणीचा भार उचलला, पण १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात आणि रोजंदारीच्या घरात तेवढे एकरकमी नसतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली (२०१३) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्यासाठी महाराष्ट्राने शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरवली, महिना पाच हजारांहूनही कमी. नवरा बिगारी आणि बायको धुणीभांडी करणारी, एवढ्यानेही मुंबईतले घर या मर्यादेबाहेर जाते.