साखरेच्या कवचावर प्रथिनाचा उतारा

मालेगाव असो की रिसोड, वाशिम जिल्ह्यातल्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंटची सुई टोचतात. ती ज्या पाच रोगांवर आहे, त्यांतले घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि कावीळ ब ऐकून माहीत असतात. पाचवा ‘हिब’ फारसा कोणाच्या तोंडी नसतो. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा, म्हणजे मेंदूज्वराचा, हा जिवाणू. त्याच्या लसीचं कूळ जवळपास शंभर वर्षं मागे जातं.

हिब अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच पांघरतो. मोठ्यांचं शरीर त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं; तान्ह्या बाळाला ते नीट जमत नाही, आणि हिबचा घाला नेमका त्याच वयात पडतो. १९८५ साली अमेरिकेत आलेली निव्वळ कवचाची लस म्हणूनच तान्ह्यांच्या कामाची नव्हती.

तोड मात्र आधीच सापडली होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी १९३१ च्या सुमारास न्यूमोकोकस या जिवाणूच्या कवचाची साखर प्रथिनाला जोडून सशांना टोचली आणि सशांच्या रक्तात त्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. १९८० मध्ये रेचल श्नीरसन आणि जॉन रॉबिन्स यांनी हीच युक्ती हिबला लावली. जोडीला पुढे बहुधा धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष आलं. हे प्रथिन बाळाच्या मदतनीस पेशी ओळखतात आणि त्याच्यासोबत आलेल्या साखरेवरही प्रतिपिंडं बनवून घेतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं याच विद्येवर मेंदूज्वराच्याच दुसऱ्या जिवाणूची, मेनिंगोकोकस ‘ए’ची, मेनआफ्रिव्हॅक लस बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत पोचली.

मेनिंगोकोकस ‘बी’पुढे मात्र ही युक्ती हरली. त्याचं कवच माणसाच्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखंच असतं, त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही. मग रिनो रापुओली आणि सहकाऱ्यांनी २००० साली जिवाणूचा जनुकसंच वाचून त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं हुडकली. त्यांवरची लस युरोपात २०१३ मध्ये मंजूर झाली. आपल्या सरकारी वेळापत्रकात ती नाही.

हिबची लस मात्र आहे, आणि फुकट आहे. पहिल्या सुईनंतर ताप आला म्हणून पुढची चुकवू नका. ६, १० आणि १४ आठवड्यांचे तिन्ही डोस कार्डावर नोंदवूनच घ्या.