केसाळ कोंबडीची साक्ष : सिल्की जातीचा इतिहास आणि साधनचिकित्सा

मध्ययुगीन प्रवासवृत्तांतील अद्भुत मजकुराकडे पाहण्याच्या दोन रीती अभ्यासकांत आढळतात. एक, असा मजकूर भाकडकथा म्हणून बाजूला सारण्याची. दुसरी, त्याचा काही अंश पुढे खरा ठरला की संपूर्ण ग्रंथच विश्वसनीय मानण्याची. दोन्ही रीती सदोष आहेत. चीनमधील पिसांऐवजी केस अंगावर असलेल्या कोंबडीविषयीची वृत्ते या दृष्टीने विशेष उद्बोधक होत. हा पक्षी काल्पनिक नाही. 'सिल्की' या नावाने तो आज जगभर पाळला जातो. म्हणूनच, प्रत्यक्ष वस्तू समोर असताना जुन्या साक्षींची परीक्षा कशी करावी, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

प्रथम पक्ष्याचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. सामान्य पिसाच्या दांड्यातून दोन्ही बाजूंना बारीक फाटे फुटतात आणि त्यांवरील सूक्ष्म आकडे एकमेकांत अडकल्याने पिसाचे सलग पाते तयार होते. सिल्कीच्या अंगावरील पिसांत हे आकडे कार्यक्षम नसतात. त्यामुळे फाटे सुटे राहतात व अंगावर मऊ लोकर असल्याचा भास होतो. शिवाय कातडी व हाडे काळी, मांस काळपट, कानाच्या पाळ्या निळसर, डोक्यावर पिसांची शेंडी आणि पायाला चारांऐवजी पाच बोटे, ही या जातीची लक्षणे होत.

मार्को पोलो याचे चीनमधील वास्तव्य सुमारे १२७५ ते १२९२ या काळातील मानले जाते. जिनोआ येथील बंदिवासात १२९८ मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात फूज्येन प्रांतातील एका नगराच्या वर्णनात या कोंबड्यांचा उल्लेख येतो. ते नगर म्हणजे ज्येननिंग, असे अभ्यासक मानतात. तेथील कोंबड्यांना पिसे नसून मांजरासारखे केस असतात, त्या काळ्या असतात, त्यांची अंडी इतर कोंबड्यांसारखीच असून त्या खाण्यास उत्तम असतात, असा त्या वर्णनाचा आशय आहे.

दुसरी साक्ष पोर्देनोने येथील ओदोरिक या फ्रान्सिस्कन साधूची. तिचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा वध झाला व जोर्दानुस या धर्मबंधूने त्यांचे अवशेष सोपारा येथे पुरले. त्यानंतर लवकरच ओदोरिक ठाण्यास आला. त्याने त्या अस्थी बरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे कोल्लमवरून जाऊन फूज्येनच्या किनाऱ्यावरील झैतून, म्हणजे आजचे च्वानचौ, या बंदरातील आपल्या संप्रदायाच्या स्थानी पोहोचवल्या. तेथून पुढे तो फूचौ नगरास गेला. १३३० मध्ये पदुआ येथे सांगून लिहविलेल्या वृत्तांतात तो म्हणतो की, या नगरातील कोंबड्या बर्फासारख्या पांढऱ्या असून त्यांना पिसे नाहीत, मेंढीसारखी लोकर आहे.

दोन्ही साक्षी एकाच प्रांतातील असूनही त्यांत विसंगती आहे. एक साक्षीदार काळा रंग सांगतो, दुसरा पांढरा. एकास मांजर आठवते, दुसऱ्यास मेंढी. परंतु या विसंगतीतच त्यांचे मोल आहे. ओदोरिकाने पोलोचा मजकूर उतरून घेतला असता तर नगर, रंग आणि उपमा ही तिन्ही बदलण्याचे कारण दिसत नाही. तेव्हा या दोन साक्षी परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात, हा निष्कर्ष सयुक्तिक ठरतो. याउलट चौदाव्या शतकाच्या मध्यास सर जॉन मँडेविल या नावाने प्रसृत झालेल्या ग्रंथात पुन्हा पांढऱ्या लोकरीच्या कोंबड्या येतात. त्या ग्रंथाने ओदोरिकाच्या वृत्तांताची मोठ्या प्रमाणावर उसनवारी केलेली असल्यामुळे त्यास तिसरा साक्षीदार म्हणता येत नाही. ग्रंथांची संख्या म्हणजे साक्षीदारांची संख्या नव्हे.

उरलेल्या विसंगतीचा उलगडा चिनी साधनांतून होतो. ली शिजेन याचा 'बेन्त्साव गांगमू' हा औषधिविषयक ग्रंथ १५७८ मध्ये पूर्ण झाला व १५९६ मध्ये नानजिंग येथे छापून निघाला. त्यात काळ्या हाडांच्या कोंबड्यांचे प्रकार दिले असून पांढऱ्या पिसांच्या व काळ्या पिसांच्या अशा दोन्ही कोंबड्यांची नोंद आहे. जीभ काळी असल्यास मांस व हाडेही काळी असतात, अशी ओळखण्याची खूणही तो देतो. चिनी वैद्यकात, विशेषतः स्त्रियांच्या विकारांवर, या कोंबडीचा उपयोग रूढ होता. युरोपीय प्रवाशांना जे नवल वाटले ते तेथील वैद्याच्या व स्वयंपाकघराच्या नित्य परिचयाचे होते.

युरोपात मात्र पक्ष्यापूर्वी त्याची कथा पोहोचली. बोलोन्याचा निसर्गाभ्यासक आल्द्रोव्हांदी याने १६०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पक्षिग्रंथाच्या दुसऱ्या खंडात लोकरी कोंबडीस स्थान दिले. पुढे हा पक्षी ससा व कोंबडी यांच्या संकराची संतती असल्याची समजूतही पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डच पक्षितज्ज्ञ तेमिंक याने लोकरी कोंबडी व काळी कोंबडी या स्वतंत्र जीवजाती मानल्या. १८६८ च्या ग्रंथात डार्विनने काळा स्पॅनिश कोंबडा व पांढरी सिल्की यांच्या संकराचे वृत्त दिले आहे. त्या संततीतील एका कोंबड्याचे रंग रानकोंबड्याशी विलक्षण जुळणारे निघाले. पाळीव कोंबड्यांचे मूळ रानकोंबड्यात आहे, या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली.

विसाव्या शतकातील आनुवंशशास्त्राने आणखी एक पाऊल टाकले. बेटसन व पनेट यांनी १९११ मध्ये सिल्कीच्या काळेपणाच्या वारशाची मीमांसा प्रसिद्ध केली. संकरात सिल्की नर आहे की मादी, यावर पिलांच्या वर्णाचे प्रमाण अवलंबून असते, असे त्यांस आढळले. रेशमी पिसांचा गुण अप्रभावी असल्याने तो पहिल्या संकरित पिढीत लुप्त होतो व पुढील पिढीत सुमारे चतुर्थांश पक्ष्यांत पुन्हा प्रकट होतो. कातडीच्या काळेपणामागे गुणसूत्राच्या एका भागाची विशिष्ट पुनरावृत्ती असून तीच अन्य देशांतील काळ्या कोंबड्यांतही आढळते, हे २०११ च्या संशोधनाने दाखवले. मध्य प्रदेशातील झाबुआ परिसराच्या कडकनाथ कोंबडीत काळेपणा आहे, पण पिसे सामान्य आहेत. सारांश, पिसांची घडण, पिसांचा रंग आणि कातडीचा रंग हे स्वतंत्रपणे उतरणारे गुण आहेत. पोलोची काळी आणि ओदोरिकाची पांढरी कोंबडी एकाच प्रांतात नांदण्यास कोणतीही अडचण नव्हती.

हे सुटे गुण एकत्र राखण्याचे काम प्रदर्शनांच्या नियमांनी केले. अमेरिकेच्या पहिल्या प्रमाणग्रंथात १८७४ मध्येच सिल्कीस मान्यता मिळाली. परीक्षक पाच बोटे, काळी कातडी, तुतीच्या रंगाचा तुरा व भरघोस शेंडी पाहतात. यांपैकी एका गुणाकडे दुर्लक्ष झाले तरी काही पिढ्यांत तो लोप पावू शकतो. तथापि प्रमाणांतही एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये नराचे वजन सुमारे १.८ किलो अपेक्षित असते. अमेरिकेत त्याची गणना ठेंगण्या कोंबड्यांत होऊन वजन सुमारे १ किलो धरले जाते. निवडीची किंमतही पक्ष्याला द्यावी लागते. त्याची पिसे पाणी निथळू देत नाहीत, त्यास उडता येत नाही, फार वाढलेली शेंडी दृष्टीआड येते आणि फुगीर कवटीच्या पक्ष्यांत मेंदूवरील हाडाचे आवरण अपुरे राहून इजेचा धोका असतो. पावसापासून निवारा व कोरडी जमीन यांवाचून त्याचे पालन कठीण. उलटपक्षी, ती वारंवार खुडूक बसत असल्याने बदकांची वा तितरवर्गीय पक्ष्यांची अंडी उबवण्यास पाळणारे तिचाच आश्रय घेतात.

या विवेचनावरून पोलो स्वतः चीनला गेला होता, असे सिद्ध होते काय? १९९५ मध्ये फ्रान्सिस वुड यांनी त्याविषयी घेतलेली शंका सर्वज्ञात आहे. कोंबडीची साक्ष त्या वादाचा निकाल लावीत नाही. त्याच्या ग्रंथातील ही माहिती मुळात फूज्येनमधील खरी माहिती होती, एवढेच तिने ठरते. ती त्याने पाहिली की ऐकली, हे ठरत नाही. ओदोरिकाच्या बाबतीतही एक तपशील खरा ठरल्याने त्याच्या वृत्तांतातील इतर नवले आपोआप खरी होत नाहीत. प्रत्येक विधानाची परीक्षा स्वतंत्रपणेच केली पाहिजे. तसेच, समकालीनांना जे विधान सर्वांत अविश्वसनीय वाटले असेल तेच निरीक्षणाच्या दृष्टीने सर्वांत काटेकोर असू शकते, हाही या लहानशा पक्ष्याच्या इतिहासाचा बोध होय.