उपकारस्तुती (नंदुरबार जिल्हा)

उपकारस्तुती : मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील देवाचे आभार मानण्याची रीत. प्रार्थना, गीत आणि अर्पण ही तिची अंगे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात ती शेतीच्या हंगामाशी घट्ट जोडलेली आहे. येथील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने आदिवासी असून मावची (गावित) वस्तीच्या नवापूर तालुक्यात विशेष आढळतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॅन्डिनेव्हियन मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात मंडळ्या उभ्या केल्या. पण पहिले धान्य देवाला देणे त्यांनीच शिकवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही सातपुड्याची जुनी रीत. तिथल्या आदिवासींची देवी याहामोगी; तिची भक्तीही धान्याशीच निगडित. त्यामुळे बायबलातील प्रथमफळाची आज्ञा नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

पीक घरात आले की हंगामाच्या सणाचा रविवार ठरतो. व्यासपीठापुढे भाताची पोती, तुरीच्या शेंगा, मक्याची कणसे, डांगर, टोपलीभर अंडी आणि पाय बांधलेली कोंबडी येऊन पडते. उपासना संपली की लिलाव. बोली जिंकणारा पुष्कळदा तेच डांगर पुन्हा व्यासपीठापुढे ठेवतो आणि नव्याने बोली लागते. एका डांगरातून मंडळीच्या खजिन्यात दोनदा भर पडते. ज्याच्याकडे रोख नाही तोही इथे रिकाम्या हाताने येत नाही, हे या रीतीचे मोठेपण. वर्षभर घरोघरी छोट्या सभा चालूच असतात : बाळंतपण सुखरूप झाले, आजारी माणूस घरी आला, नव्या घरावर कौले चढली की पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना होते, मग चहा किंवा जेवण. मिझोराममध्ये १९१० पासून बायका रोजच्या स्वयंपाकातला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्या मूठभर तांदळाचा आणि इथल्या हंगामाच्या अर्पणाचा गाभा एकच : रोख नसले तरी घरातले देणे.

अर्पणाबरोबर येते ते कारभारीपण : मिळालेले आपले नव्हे, सांभाळायला दिलेले आहे, ही जाणीव. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक न कापता गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडण्याची आज्ञा आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि तिथे तीच परकी ठरतात. म्हणून मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि शाळकरी मुलांची विचारपूस हा उपकारस्तुतीचाच भाग मानला पाहिजे. लिलावाचा आकडा वाढला आणि हे राहून गेले, तर सण अर्धाच झाला.

या जबाबदारीचे संस्थारूप म्हणजे नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिश्चन हॉस्पिटल. मिशनऱ्यांनी ते १९४२ मध्ये सुरू केले; आता ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आहे. तिथे येणारा रुग्ण कोणत्या धर्माचा, हा प्रश्न नसतो.

मंडळीच्या हातात असलेले एक काम मात्र अजून पुरते ओळखले गेलेले नाही. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या भागातील आदिवासींत मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाची जाहिरात चर्चमध्ये वाचली जातेच. ती वाचण्याआधी पाळकांनी वधूवरांना रक्ततपासणीबद्दल विचारावे आणि तपासणीचा खर्च हंगामाच्या अर्पणातून द्यावा.