'ईगल'चा जन्म आणि परदेशवाऱ्या

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर साउथपोर्टजवळच्या बर्कडेलमध्ये मार्कस मॉरिस नावाचे पाद्री होते. अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिक्सवर मुलं तुटून पडताना पाहून ते अस्वस्थ झाले. १९४९ साली त्यांनी वर्तमानपत्रात त्यावर कडाडून टीका केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. चित्रकार फ्रँक हॅम्पसनना हाताशी धरून त्यांनी नव्या साप्ताहिकाचा नमुना अंक बांधला आणि लंडनच्या प्रकाशकांचे उंबरे झिजवले. अखेर हल्टन प्रेसने तो उचलला. १४ एप्रिल १९५० रोजी 'ईगल' बाजारात आला आणि पहिल्या अंकाच्या नऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

त्याचा खरा प्राण पहिल्या पानावरचा अंतराळवीर डॅन डेअर. आठवड्याला रंगीत पानं दोनच, पण त्यांच्यामागे अख्खी चमू राबायची. साउथपोर्टमधल्या एका जुन्या बेकरीत स्टुडिओ थाटला होता. तिथे हॅम्पसन आधी कच्ची चित्रं काढत, मग सहकाऱ्यांना पोशाख चढवून त्याच पवित्र्यात उभं करत आणि फोटो घेत. यानांची मॉडेल्स बनवून सावली कुठे पडते तेही बघत. सर ह्यूबर्ट या पात्राचा चेहरा म्हणजे त्यांच्या वडिलांचाच. त्या अंतराळावर मुलांचा विश्वास बसला तो या मेहनतीमुळे. असं काम कुठल्याही भाषेत आपल्या पायावर उभं राहतं.

आणि राहिलंही. हॉलंडमध्ये 'आरेंट' साप्ताहिकात डॅन डेअरचा 'दान दुर्फ' झाला. इटलीत 'इल जोर्नो' या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत त्याची पानं छापली जात. स्पेनची तऱ्हा सगळ्यांत वेगळी: तिथे १९५३ मध्ये त्याच्यावरून 'दिएगो बालोर' ही रेडिओमालिका आली, ती घराघरांत पोहोचली आणि मग तिच्यावरून स्पॅनिश चित्रकारांनी नव्याने कॉमिक काढलं!

या साऱ्या प्रवासात डॅन डेअरचे हक्क मात्र प्रकाशकाकडेच होते. १९५९ मध्ये 'ईगल' दुसऱ्या कंपनीला विकला गेला, हॅम्पसन डॅन डेअरपासून दूर झाले आणि १९६९ मध्ये साप्ताहिकही बंद पडलं. हा अन्याय मला आजही सलतो. १९७५ साली इटलीतल्या लुक्काच्या महोत्सवात महायुद्धानंतरचे सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून हॅम्पसनचा गौरव झाला, तेव्हा मायदेशात ते एका कॉलेजात तंत्रज्ञाची नोकरी करत होते.